चालू गाडीत १२.७ व्होल्ट: अल्टरनेटरच्या नोंदी, भर उन्हाळ्यातल्या

लायटरच्या सॉकेटातलं व्होल्टमीटर जुनंच आहे. यंदा त्याच्या जोडीला डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखं अडकवून करंट मोजणारं) घेतलं आणि अर्धवट कळलेल्या बऱ्याच गोष्टी एकदम सुटल्या.

परतवाड्याहून निघालो की सुरुवातीला आकडा १४.३ असतो. बॅटरी भरत आली की तो हळूहळू उतरतो आणि धामणगाव गढीपर्यंत १२.७ वर येऊन बसतो. चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिनावर जोर असतो, तेव्हाही तेवढाच. खरी मजा उतारावर. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सिलेटरवरून पाय काढला, की आकडा सरळ १४.८! पाय ठेवला, की पुन्हा खाली. प्रत्येक वळणावर हेच.

यात बिघाड काहीच नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारा आपला डायनमो, किती वीज काढेल ते त्याच्या फिरत्या भागातल्या (रोटर) फील्ड कॉइलमधल्या करंटवर ठरतं. जुन्या गाड्यांत रेग्युलेटर हा करंट स्वतःच सांभाळायचा आणि व्होल्टेज कायम १४.२च्या आसपास धरून ठेवायचा. आता बहुतेक नव्या गाड्यांत किती व्होल्ट हवेत ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांगतो आणि रेग्युलेटर तेवढंच ऐकतो. चढावर अल्टरनेटरचा भार कमी करून इंधन वाचवायचं, उतारावर फुकटची ऊर्जा बॅटरीत भरायची. त्यासाठी बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत, थोडी जागा मोकळी ठेवतात.

आमच्याकडच्या वायरमनने १२.७ बघितलं आणि म्हणाला, "डायनमो कमजोर झाला जी भाऊ, बदलून टाका." जुन्या गाडीसाठी त्याचं बरोबरच होतं. मी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प लावून दाखवला: करंट जवळपास शून्य. म्हणजे पंखा, इंधनपंप, इग्निशन हा सगळा भार अल्टरनेटरच उचलतोय, बॅटरी नुसती बसून आहे. अल्टरनेटर खरंच मेला असता, तर हा सगळा करंट बॅटरीतून बाहेर जाताना दिसला असता. मग हेडलाइट लावले, ब्लोअर फुल केला, आकडा १३.९ वर चढला. भार टाकल्यावर व्होल्टेज वाढतं हे बघून तो बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. नंतर स्वतः दोनदा लाइट लावून-बंद करून खात्री करून घेतली. माझं ठाम मत आहे की नव्या गाडीत नुसत्या व्होल्टवरून अल्टरनेटर बदलायला काढूच नये. आधी करंट बघावा.

आता उन्हाचं. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज तापमान वाढेल तसं प्रत्येक अंशामागे साधारण १८ ते २४ मिलिव्होल्टने कमी ठेवावं लागतं. २५ अंशांना १४.४ योग्य असेल, तर बॉनेटखाली ५५ अंश झालेल्या बॅटरीला १३.८च्या आसपास पुरतं. त्याहून जास्त दिलं की पाणी उडतं, प्लेटा लवकर जातात. मे महिन्यात माझ्या गाडीचं चार्जिंग सकाळपेक्षा दुपारी कमी आकड्यावर चालतं, ते यामुळेच. वर्षभर १४.२ एके १४.२ ढकलणाऱ्या जुन्या रेग्युलेटरपेक्षा ही पद्धत आपल्या विदर्भासाठी कितीतरी चांगली.

हा हिशेब ठेवतो निगेटिव्ह टर्मिनलवरचा छोटा सेन्सर: करंट, व्होल्टेज, तापमान. म्हणून एक कळकळीची विनंती. फवारणी पंप चार्ज करायची वायर, जादा हॉर्न, एलईडी बार, काहीही जोडा, पण त्याचं अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर घेऊ नका. तो करंट सेन्सरला वळसा घालून जातो, ईसीयूला बॅटरी आहे त्याहून भरलेली वाटते आणि रोज थोडी थोडी उपाशी राहते. बॉडीचा स्वच्छ नटबोल्ट घ्या. जंप केबलची काळी वायरही तिथेच लावा.

पुढची मोजणी डिसेंबरात, चिखलदऱ्याला, पहाटेच्या पहिल्या सेल्फला. थंड बॅटरीला हाच ईसीयू किती वर नेतो ते बघायचं आहे.