खाडीत आत्ता खायला काय आहे? सोलापूरवाल्याची सीझन नोंद

सोलापूरला राहून खाऱ्या पाण्यात गळ टाकायचा म्हणलं की मित्र विचारणारच, उजनी सोडून तिकडं कशाला मरायला जातो बे, चिलापी मिळतेय की इथंच. पण एकदा तांबोशीनं (खाडीतला लाल, ताकदीचा मासा) रॉड वाकवला की सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा कंटाळा येत नाही. तर पावसाळ्यानंतर रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत आणि थोडंफार जयगडकडं जे हाताला लागलं ते इथं टाकतोय. यंदा एकच गोष्ट धरून बसलोय, कुठला मासा पाहिजे ते नंतर, आधी त्या महिन्यात खाडीत माशांचं खाणं काय आलंय ते बघायचं.

जून-जुलैत जायचं नावच नाही, समुद्र खवळलेला आणि यांत्रिक होड्यांना बंदी. पण पुढच्या सगळ्याचं मूळ त्याच दिवसांत असतं. नदीचं लाल गढूळ पाणी खाडीत भरतं, खारटपणा झपकन उतरतो आणि कांदळवनात वाढलेली कोळंबी पाण्याच्या रेट्याबरोबर खाडीच्या तोंडाकडं सरकायला लागते. जिताडा पण याच सुमारास अंडी घालायला तोंडाशी येतो. तेव्हा कुणाला गाभोळीची मादी लागलीच तर सोडून द्या राव, फोटो काढा आणि सोडा. उजनीचं पण असंच आहे, सोलापुरात थेंब नसतो आणि पुण्याकडच्या पावसावर धरण चढत राहतं, मग काठचं गवत बुडतं, त्यातले किडे-गांडुळं पाण्यात जातात आणि मासा पार काठाला येतो.

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, माझ्या मते वर्षातला सगळ्यात भारी काळ. पाणी निवळायला लागतं, कांदळवनातल्या कुजक्या पानांवर पोसलेली बारीक कोळंबी आणि बोटाएवढी बोयटं चिक्कार असतात. भरतीला ही सगळी पोरं मुळांत घुसून बसतात, तिथं मोठ्या माशाला शिरता येत नाही. ओहोटी लागली की पाणी उतरतं आणि त्यांना छोट्या छोट्या ओघळांतून बाहेर यावंच लागतं. त्या ओघळाच्या तोंडाशी, जिथं वाहतं पाणी आणि थांबलेलं पाणी यांची रेघ दिसते ना, तिथंच तांबोशी टपून असते. लूर (नकली आमिष) ओघळात वर टाकायचा आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचा, रील जवळजवळ फिरवायचंच नाही, नुसती लाईन ताठ ठेवायची. तीन इंची कोळंबीसारखं सॉफ्ट प्लास्टिक, हलकं जिग हेड (शिसं लावलेला गळ), २० पाऊंडची ब्रेड (विणलेली लाईन) आणि लीडर (गळाजवळचा जाड दोरा) मात्र ४० चा, कारण मासा लागला की थेट मुळांत पळतो.

एका तांबोशीचं पोट धक्क्यावरच फाडून बघितलं तर आत कोळंबी कमी आणि बारक्या खेकड्यांच्या नांग्याच जास्त, त्यातली एक तर अजून अख्खी निळसर होती. तेव्हापासून कोळंबीचा लूर वरवर न नाचवता तळाला घासत आणतोय आणि फरक दिसतोय.

भरतीची वेळ ठरवायला पंचांग. मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, रत्नागिरीला त्याच्या थोडी आधी धरा. म्हणजे चारच्या पुढं पाणी जोरात उतरतंय आणि त्यातच सूर्य मावळतोय, अजून काय पाहिजे! उधाणाचा जोर पण तोवर टिकलेला असतो. अष्टमीच्या भांगाला (सगळ्यात मंद भरती-ओहोटी) मी आता सुट्टी घालवत नाही, पाणीच हलत नाही तर खाणं बाहेर येणार कुठनं. आणि पंचांगाचं म्हणाल तर दाते पंचांग आमच्या सोलापुरातूनच निघतं, समुद्र नसला म्हणून काय झालं.

थंडीत चित्र बदलतं. तारली, बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि मग खाडीपेक्षा बाहेरच्या खडपावर उभं राहायचं. इथं पक्षी बघायचे, थंडीतले पाहुणे कुरव एका जागी घिरट्या घालत पाण्यावर झेपावत असले की खाली तारलीला कुणीतरी वर ढकलतंय. मेटल जिग (धातूचं जड आमिष) लांब फेकायची आणि जोरात ओढायची, कोकर मिळतो, नशीब असेल तर सुरमईपण. पण पक्षी नसताना तासन्‌तास जिग मारत बसण्यात मला काही अर्थ वाटत नाही, खांदे जातात फक्त.

मार्च ते मे पाणी स्वच्छ आणि खारट, माशाला लाईन दिसते, दुपारी काहीच होत नाही. तेव्हा खडपाच्या कपारीत गोबरा, आणि आमिष म्हणून जिवंत बोयट, तेही पहाटे किंवा अंधार पडल्यावर. बोयटं तिथल्याच एखाद्या पाग (फेकजाळं) टाकणाऱ्या काकांकडून घ्यायची, दोन पैसे जास्त द्यायचे, कुठं मासा आहे ते पण सांगतात. इकडं तेव्हा उजनी मायनसमध्ये (वापरायच्या साठ्याच्या खाली) गेलेली असते, त्यामुळं घरी बसून राहण्यापेक्षा शेंगाचटणी-कडक भाकरी बांधून निघालेलं बरं.

आता पुढचा प्लॅन असा, कोजागिरीनंतरच्या तृतीयेला पूर्णगडला मुचकुंदीच्या मुखावर. तळाला घासायला खेकड्याच्या आकाराचं सॉफ्ट प्लास्टिक मागवलंय, करडा आणि गडद हिरवा असे दोन रंग. त्या बाजूला कुणी ओहोटीला उभं राहिलं असेल तर सांगा, उत्तरेकडचा काठ बरा की दक्षिणेकडचा, आणि चिखल कितपत आहे.