धाकट्याचा जन्म १९६३चा

पणजीत पोर्तुगीज नागरिकत्वाच्या फायली करणाऱ्याला एक तारीख झोपेतही आठवावी लागते: १९ डिसेंबर १९६१, गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली तो दिवस. त्या दिवसापर्यंत गोव्यात जन्मलेल्याची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात त्याच्या स्वतःच्या जन्मावर चढते. नंतर जन्मलेल्याला आईबापामार्फत जावं लागतं. डिचोलीचे दोन सख्खे भाऊ आले, ते दोघांचं काम सारखंच असं धरून. थोरला ऑक्टोबर १९६१चा, धाकटा १९६३चा. धाकट्यानं मुद्दा तयार ठेवला होता: “पोर्तुगालनं गोवा सोडला असं कबूल केलं १९७४ साली. मग त्यांच्या लेखी माझा जन्म पोर्तुगीज गोव्यातलाच की!”

मुद्दा चुकीचा, पण अगदीच हवेतला नाही. लिस्बनचं वागणंच तसं होतं. भारतीय फौजा शिरण्याआधी, १४ डिसेंबरला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तार केली: शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस तग धरा, तेवढ्यात आम्ही जगापुढे ओरड करतो, असा हिशेब. प्रत्यक्षात वासालोंकडे लढाऊ विमान एकही नव्हतं. बाणस्तारीचा पूल उडवला, ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ ही एकटी युद्धनौका मुरगावसमोर लढून बांबोळीच्या किनाऱ्याला लागली, आणि १९च्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. माझ्या मते त्या सबंध प्रकरणात शहाणपणाचा निर्णय तेवढाच.

लिस्बननं मात्र हार मानली नाही. सुरक्षा परिषदेतला भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारानं पडला. आपल्या मोझांबिक वसाहतीतल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता गोठवली. स्वतःचे तीन हजारांवर सैनिक मे १९६२ पर्यंत भारताच्या कैदेत राहिले, आणि परतल्यावर त्यांचं स्वागत पराभूत नव्हे, गुन्हेगार असल्यासारखं झालं. वासालोंना १९६३ साली लष्करातून काढून टाकलं. १९५१च्या घटनादुरुस्तीनं गोवा ‘सागरापारचा प्रांत’ ठरलेलाच होता. तो कागदावर तसाच ठेवला, म्हणून गोवेकरांचं नागरिकत्व काढून घेण्याचा प्रश्नच लिस्बनला पडला नाही. आमचा सगळा धंदा त्या हट्टावर उभा आहे.

पोर्तुगालमधल्या एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर हट्ट सुटला. ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. धाकट्याचा मुद्दा मरतो तो याच कराराच्या पहिल्या कलमात. भारताचं सार्वभौमत्व सहीच्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय संविधानानुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून मान्य केलंय. गोव्यासाठी ती २० डिसेंबर १९६१, बाराव्या घटनादुरुस्तीनं ठरलेली. मधली तेरा वर्षं मागे जाऊन पुसली गेली. (दादरा आणि नगर हवेलीची तारीख वेगळी, ११ ऑगस्ट १९६१. तिकडची फाईल आली की हे आधी बघावं.)

म्हणजे धाकट्याचा रस्ता आईकडून. आई हयात, जन्म १९३८चा. आधी आईची जन्मनोंद चढवायची, मग आईवडिलांचं लग्न, मग धाकट्याचा जन्म. क्रम मोडला की फाईल परत येते. प्रत्येक नोंदीची छोटी दाखला-चिठ्ठी चालत नाही, वहीतल्या पूर्ण नोंदीची प्रमाणित प्रत लागते. त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), आणि पोर्तुगीज भाषांतर. भाषांतर आम्ही शेवटी करतो, म्हणजे शिक्क्यांचा मजकूरही त्यात येतो.

घोळ आईच्या नोंदीत निघाला. जुन्या नोंदीत तारीख आणि तास आकड्यांत नव्हे, अक्षरांत लिहिलेले असतात. आईबाप, दोन्हीकडचे आजीआजोबा, साक्षीदार, समासात नंतरचे शेरे. इथे जन्माच्या नोंदीत माहेरचं नाव शेवंती, लग्नाच्या नोंदीतही शेवंती, पण आधारकार्डावर आणि धाकट्याच्या जन्मनोंदीत सासरचं सुनंदा. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत लिस्बनच्या कारकुनाला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीनं शेवंतीला मूल नाही आणि सुनंदाचा जन्मच झालेला नाही. अशा वेळी लोक ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून आणतात. ते जोडायला हरकत नाही, पण भिस्त त्यावर ठेवू नये. आधी धाकट्याच्या नोंदीतलं आईचं नाव रीतसर दुरुस्त करून समासात शेरा घ्यायचा, मग आधारकार्ड त्याच्याशी जुळवायचं, आणि मगच प्रती काढायच्या. उलटं केलं तर अपोस्टिलचा खर्च दोनदा. जमेची बाजू एकच: धाकट्याचा जन्म १९६३ सालीच, वेळेवर नोंदलेला होता. मूल सज्ञान झाल्यावर केलेल्या नोंदीवरून नातं सिद्ध करणं फार जिकिरीचं असतं.

थोरल्याची फाईल सरळ होती. त्यालाच जास्त वेळ बसवून सांगावं लागलं. भारत सरकारच्या २८ मार्च १९६२च्या आदेशानं तो आपोआप भारतीय नागरिक झालेला आहे, आणि दुहेरी नागरिकत्व भारत मानत नाही. नुसत्या लिस्बनच्या नोंदीनं भारतीयत्व जातं का, यावर वाद आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेतला की मात्र वाद उरत नाही: भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि मतदारयादीतलं नावही काढून घ्यायचं.