तीन टीबीची डिस्क आणि साडेतीनशे जीबीचं पार्टिशन

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या घरी पोचलो तेव्हा डिस्क जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलेली होती. शेजारी तिचं प्लॅस्टिकचं कवच दोन तुकड्यांत, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि डिस्क यूएसबीला जोडणारं काडेपेटीएवढं हिरवं सर्किट. सर्किटवरचा यूएसबीचा सॉकेट एका बाजूने उचकटला होता. वायर लोंबकळत राहिली की हे सॉकेट हळूहळू सुटतातच, ते चार टाक्यांवरच उभे असतात.

घरातले काका पंधरा वर्षं कुस्तीची मैदानं चित्रित करतायत. खासबागेतली आहेत, तशी आसपासच्या गावांच्या जत्रांमधलीही. ते सगळं, २.१ टीबी, या एकाच ३ टीबीच्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत नव्हती.

"काय ओ, गेलं काय म्हणायचं सगळं?" काकांनी दारातच विचारलं.

"दादा, बायोसमध्ये तर दिसायलीय," पुतण्या म्हणाला. कवच त्यानंच उघडलं होतं आणि डिस्क थेट सर्व्हरच्या साटा पोर्टला, म्हणजे आतल्या डिस्क लावतात त्या सॉकेटला, जोडली होती. सर्व्हर म्हणजे माळ्यावरचा जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन लिनक्स, घरभर फायली वाटायला सांबा आणि टीव्हीवर कुस्त्या बघायला जेलीफिन. डिस्क मुळात बाहेरची घेतली होती ती पुरामुळे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी या भागात शिरलं. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की डिस्क काढायची आणि वरच्या मजल्यावर न्यायची, असा या घरातला नियम.

तक्रारी दोन होत्या आणि त्या एकच वाटत होत्या. सर्व्हर चालू होत नाही, आणि डिस्क माउंट होत नाही, म्हणजे तिच्यातल्या फायली उघडत नाहीत. पहिलीचा डिस्कच्या तब्येतीशी काही संबंध नव्हता. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क माउंट करायच्या त्या यादीत, याच डिस्कची ओळ यूयूआयडीसकट, म्हणजे ओळख-क्रमांकासकट होती, पण तिच्यात नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय नव्हता. तो नसला की सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी ती डिस्क सापडेपर्यंत ९० सेकंद वाट बघतं आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. नेटवर्कच्या सेवा चालू होत नाहीत, एसएसएच लागत नाही, म्हणजे दुरून आत शिरता येत नाही. मॉनिटर नसलेला सर्व्हर त्यामुळे मेल्यासारखाच दिसतो. कीबोर्ड-मॉनिटर लावला, ती ओळ हॅश टाकून बंद केली, रीबूट केलं. सर्व्हर सुरळीत उठला.

आता डिस्क. पुतण्यानं माउंटची आज्ञा दिली की नेहमीचाच संदेश येत होता: राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक. या एका वाक्यात लिनक्स पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतं, म्हणून त्यावरून काहीच ठरवायचं नाही. त्याआधी त्यानं डिस्क दुसऱ्या यूएसबी डॉकमधून विंडोज लॅपटॉपला लावली होती. विंडोजनं फॉरमॅट करायची का विचारलं, त्यानं कॅन्सल दाबलं. पुढचं सगळं त्या कॅन्सलमुळे शक्य झालं.

माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा ब्लॉकडेव्हला सेट-आरओ सांगून डिस्क कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पातळीवरच रीड-ओन्ली केली, म्हणजे चुकून दिलेली आज्ञाही तिच्यावर काही लिहू शकत नाही. मग डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे ठरावीक मापाचे कप्पे; खराब झाल्यानं बदललेले, म्हणजे रीअलोकेटेड शून्य, वाचायला अडलेले, म्हणजे पेंडिंग शून्य, छोटी चाचणी बिनचूक पार पडली. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असता तर तिथेच थांबून आधी डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची प्रत काढली असती आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं असतं. इथे गरज नव्हती. चकत्या फिरतात, वाचन होतं, आवाज स्वच्छ आहे. म्हणजे डिस्क धडधाकट आहे आणि तरी तिच्यावरचं काही ओळखू येत नाही.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, डिस्कचा आकार बरोबर होता: ५१२ बाइटचे ५,८६,०५,३३,१६८ ब्लॉक, म्हणजे ३ टीबी. मग एफडिस्कनं पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची यादी काढली आणि उत्तर तिथेच समोर आलं. एकच पार्टिशन, प्रकार ७ म्हणजे एनटीएफएस, विंडोजची फाइलसिस्टम (फायली मांडायची पद्धत), सुरुवात सेक्टर २५६ वर, एकूण सेक्टर ७३,२५,६६,२७२, आकार ३४९.३ जीबी.

तीन टीबीच्या डिस्कवर साडेतीनशे जीबीचं पार्टिशन. विंडोजमध्ये हाच आकडा बघून पुतण्याला वाटलं होतं की बाकीचा डेटा उडाला. पण ३४९.३ ला आठनं गुणून बघा: २७९४ जीबी. एफडिस्कच्या १०२४ च्या हिशोबात ३ टीबी तेवढेच होतात, म्हणजे अख्खी डिस्क. आणि आठ हा आकडा यात कुठून येतो? ४०९६ भागिले ५१२.

एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये, म्हणजे कुठला भाग कुठून सुरू होतो त्या तक्त्यात, सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात. सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर त्या टेबलात २.२ टीबीच्या पुढचं काही मांडताच येत नाही. ३२ बिटी विंडोज एक्सपीला जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलाच्या डिस्क वाचता येत नव्हत्या. त्यामुळे ३ टीबीच्या बाहेरच्या डिस्क बाजारात आल्या तेव्हा काही कवचांमधल्या सर्किटनं एक युक्ती केली. डिस्क आतून ५१२ चा हिशोब सांगते, सर्किट मात्र कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे सेक्टर आहेत असं सांगतं. आठ सेक्टरांचा एक सेक्टर झाला की एमबीआरची मर्यादाही आठपट वाढते आणि सगळी डिस्क जुन्या टेबलात बसते. कवचात असेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कवच काढलं की मधला दुभाष्या गेला. टेबलात २५६ लिहिलंय. त्याचा अर्थ २५६ गुणिले ४०९६, म्हणजे १०,४८,५७६ बाइट, बरोबर १ एमबीवर. साटाला लावलेली डिस्क मात्र तो २५६ गुणिले ५१२ असा वाचते, म्हणजे १२८ केबीवर. तिथे नुसती शून्यं आहेत. म्हणून बॅड सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टमची सुरुवातीची नोंदच सापडत नाही. आकडा तोच राहिला, माप बदललं. शेर आणि किलोचा घोळ व्हावा तसं.

हा अंदाज होता. तो पडताळल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं. बाइट जसेच्या तसे वाचणाऱ्या डीडीला सांगितलं, ब्लॉक ४०९६ चा धर, २५६ ब्लॉक सोड, एक ब्लॉक वाच, आणि ते हेक्सडंपमधून, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत बघितलं. पहिले तीन बाइट ईबी, ५२, ९०. त्यांच्या लगोलग उजव्या रकान्यात स्वच्छ अक्षरं: एनटीएफएस, पुढे चार मोकळ्या जागा. शून्यापासून मोजलं तर अकराव्या आणि बाराव्या स्थानावर ०० आणि १०. एनटीएफएसमध्ये या दोन बाइटांत सेक्टरचा आकार असतो आणि तो उलट्या क्रमानं वाचायचा: १०००, दशमानात ४०९६. साध्या ५१२ वाल्या डिस्कवर इथे ०० आणि ०२ दिसलं असतं. फाइलसिस्टम जागेवर आहे आणि आपला सेक्टर केवढा होता हेही तिनं स्वतःच लिहून ठेवलंय.

या टप्प्यावर काकांना निश्चिंत केलं. त्याच्या आधी काही बोललो नव्हतो, कारण इथे अक्षरांऐवजी अर्थहीन बाइटांचा नुसता गोंधळ दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. काही कवचांचं सर्किट प्रत्येक बाइट एन्क्रिप्ट करूनच डिस्कवर लिहितं, तुम्ही पासवर्ड ठेवला असो वा नसो. तशी डिस्क बाहेर काढली तर ती दुसऱ्या कुठल्याही पोर्टवर वाचता येत नाही. तेच सर्किट दुरुस्त करावं लागतं. तुटलेलं सर्किट कचऱ्यात टाकू नका असं मी ज्याला त्याला सांगतो ते यासाठी.

आता ४०९६ चा चष्मा परत डिस्कच्या डोळ्यांवर चढवायचा होता आणि तो लिनक्समध्ये फुकट मिळतो. लोसेटअप ही आज्ञा डिस्कवर एक लूप डिव्हाइस, म्हणजे आभासी डिस्क बसवते. तिला चार गोष्टी सांगितल्या: सेक्टर-साइज ४०९६, रीड-ओन्ली, पार्टस्कॅन (आतली पार्टिशनं शोध), आणि मोकळं लूप शोधून त्याचं नाव दाखव. लूप० आलं आणि त्याच्याखाली लूप०पी१. डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये त्याचा आकार २.७टी. ब्लकआयडीनं तेच पार्टिशन एनटीएफएस म्हणून ओळखलं आणि यूयूआयडी दाखवला. तो मघाशी एफएसटॅबमध्ये बंद केलेल्या ओळीतलाच निघाला. पार्टस्कॅन देऊनही लूप०पी१ उगवलं नाही तर पार्टप्रोब एकदा चालवावं.

इथे बरेचजण नुसता ऑफसेट, म्हणजे सुरुवातीची जागा देऊन माउंट करतात, १०,४८,५७६ हा आकडा घालून. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टम असेल तर त्यानं काम भागतं. पण एनटीएफएसच्या स्वतःच्या नोंदीत सेक्टर ४०९६ आहे, तेव्हा खालचं डिव्हाइसही ४०९६ चंच असलेलं बरं. दोघांचा हिशोब जुळलेला असला की ड्रायव्हरला कुरकुर करायला जागा उरत नाही.

पार्टिशनं दुरुस्त करणाऱ्या टेस्टडिस्कनं नवं पार्टिशन टेबल लिहून टाकू, असं पुतण्या सुचवत होता. जमलं असतं का? एमबीआरमध्ये नाहीच. ७३,२५,६६,२७२ गुणिले ८ हा आकडा ३२ बिटांत मावत नाही, जीपीटी करावं लागलं असतं. पण मुद्दा तो नव्हता. पंधरा वर्षांचं काम ज्या एकाच डिस्कवर आहे तिच्यावर मी एक बाइटही लिहीत नाही, वाचायचा रस्ता समोर असताना तर नाहीच.

माउंट एनटीएफएस३ या कर्नलमधल्या ड्रायव्हरनं केलं, रीड-ओन्ली पर्यायासह. तो पर्याय इथे आणखी एका कारणानं लागतो. सॉकेट तुटला तेव्हा डिस्क चालू होती, म्हणजे व्हॉल्यूमवर डर्टीचा, म्हणजे नीट बंद न झाल्याचा शिक्का असणारच. असा व्हॉल्यूम एनटीएफएस३ लिहिण्यासाठी माउंट करत नाही, फोर्स मागतो. फोर्स द्यायचा नाही. वाचण्यासाठी मात्र तो बिनतक्रार माउंट होतो. झाला. फोल्डर उघडला तर वर्षांची नावं ओळीनं, २००९ पासून. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि एक एक फोल्डर वाचत बसले. त्यांना मी हटकलं नाही.

प्रत काढण्यासाठी ४ टीबीची नवी डिस्क आणवली. ती आधी साटावरच तयार केली: जीपीटी, १ एमबीवरून सुरू होणारं एकच पार्टिशन, ईएक्सटी४. फाइलसिस्टम बनवणाऱ्या मेकएफएसला एम शून्य हा पर्याय दिला, कारण ईएक्सटी४ एरवी ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी राखून ठेवतं. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात आणि नुसत्या साठवणीच्या डिस्कवर त्यांचा काही उपयोग नाही. मग तीच डिस्क नव्या कवचात घालून यूएसबीला लावली आणि दोन गोष्टी बघितल्या. सिस फोल्डरमधल्या लॉजिकल ब्लॉक साइजमध्ये ५१२ च आहे ना, आणि साटावर बनवलेलं पार्टिशन कवचातूनही त्याच आकारानं दिसतंय ना. दोन्ही जुळलं. एखाद्या कवचात हे जुळलं नाही तर ते मी दुकानात परत देतो. उद्या ते कवच मेलं की हीच दुपार पुन्हा उगवणार.

प्रत काढणाऱ्या आरसिंकनं २.१ टीबी यायला साडेचार तास लागले, सरासरी सेकंदाला १३० एमबी. मध्ये एकदा वेग कोसळला आणि डीमेसेजमध्ये यूएएसचे (यूएसबीवरून डिस्कशी जलद बोलायच्या पद्धतीचे) अबॉर्ट आणि सुपरस्पीड डिव्हाइस रीसेट अशा ओळी यायला लागल्या. यूएएस बंद करण्याचा क्वर्क्सचा, म्हणजे कर्नलला अपवाद सांगण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण तो शेवटचा. आधी वायर बदलायची. कवचाबरोबर आलेली अर्ध्या मीटरची वायर काढून दुसरी जाड वायर लावली, ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागे मदरबोर्डच्या पोर्टात घातली. रीसेट थांबले. पुढचा पोर्ट आतल्या पातळ वायरीनं बोर्डाला जोडलेला असतो आणि यूएसबी ३ च्या वेगाला तो कच खातो.

प्रत होईपर्यंत एफएसटॅबची ओळ नव्यानं लिहिली. यूयूआयडी नव्या डिस्कचा, पर्याय नोफेल, नोअटाइम आणि डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद, शेवटी ० आणि २. फाइंडमाउंटला व्हेरिफाय सांगून ओळ तपासली, सिस्टमडीला डीमन-रीलोड दिलं. नोफेलची एक दुसरी बाजू आहे. डिस्क काढलेली असताना सर्व्हर खुशाल उठतो, सांबा चालू होतो, आणि कोणी फाइल टाकली तर ती माउंट पॉइंटच्या, म्हणजे एरवी डिस्क जिथे उघडते त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्या छोट्या एसएसडीवर जाते. एसएसडी भरतो, आणि पुढे डिस्क जोडली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात. पूर आला की डिस्क काढणाऱ्या या घरात ते नक्की घडलं असतं. म्हणून डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआरनं प्लस आय, म्हणजे काही बदलायचं नाही अशी खूण लावली. आता डिस्क नसेल तर रूटलाही तिथे लिहिता येत नाही, लगेच एरर येते. जेलीफिनच्या सर्व्हिसमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ घातली, म्हणजे डिस्कशिवाय तो सुरूच होत नाही आणि लायब्ररी रिकामी समजून नोंदी पुसत नाही.

डिस्क वर न्यायची पद्धत काकांना कागदावर लिहून दिली: आधी जेलीफिन आणि सांबा बंद, मग यूमाउंट, मग यूडिस्क्सला पॉवर-ऑफ, चकत्या थांबल्याचा आवाज आला की वायर काढायची.

रात्री आरसिंक पुन्हा लावला, या वेळी चेकसमसह आणि कोरडा, म्हणजे नुसतं ताडून बघायचं, लिहायचं काही नाही. सकाळी काकांनी फोनवरून स्क्रीनचा फोटो पाठवला. फरकाची एकही ओळ नव्हती. जुनी डिस्क आता राजारामपुरीत त्यांच्या बहिणीकडे डब्यात आहे, तुटलेल्या सर्किटसकट. तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय: सेक्टर ४०९६, सुरुवात २५६.