लेडल वाळेपर्यंत: आमच्या फाउंड्रीची वाटचाल

आमच्या वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, बांधली, तेव्हा गावात ऑइल इंजिनांची चलती होती. शेतकरी विहिरीवर इंजिन बसवत होता आणि त्याचे सुटे भाग उद्यमनगरातल्या गल्ल्यांमध्ये ओतले जात होते. आठवड्यातून दोनदा कोकवर भट्टी पेटायची. त्या दिवशी घरी जेवायला कोणी थांबायचं नाही, कारण वडील कधी येतील ते रस संपल्यावरच कळायचं. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नाही. तो भट्टीतून साच्यांपर्यंत ज्या भांड्यातून न्यायचा, तो लेडल.

पुढे शिरोली एमआयडीसीत प्लॉट मिळाला. क्युपोला गेली, पाचशे किलोची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली. पंपाच्या केसिंगबरोबर ट्रॅक्टरचे भाग सुरू झाले आणि पुण्याकडचे ग्राहक मिळाले. त्यांच्यामुळेच 'लीन' हा शब्द आमच्या शेडमध्ये आला. लीन म्हणजे कामात वाया जाणारा वेळ, माल आणि मेहनत शोधून काढून टाकायची, टोयोटाकडून आलेली पद्धत. रिजेक्शन किती, माल किती दिवस पडून राहतो, डिलिव्हरी का चुकते, असं ते विचारू लागले. तेव्हा केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठी लीनची योजना होती. आठ-दहा कारखान्यांचा गट करायचा, सल्लागाराच्या खर्चाचा ८० टक्के भार सरकार उचलणार. (मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा हा वाटा ९० टक्के झाला. ज्यांनी अजून विचार केला नसेल त्यांनी आता काय मिळतं ते जरूर विचारावं.) आम्ही गटात गेलो.

पहिलं वर्ष छान गेलं, हे मनापासून सांगतो. पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचे नमुने, शोधण्यात रोज जाणारा अर्धा तास वाचला. मोल्डिंगची, म्हणजे वाळूचे साचे करायची, जागा बदलल्याने रस घेऊन चालायचं अंतर कमी झालं. पिवळे पट्टे मारून वाट मोकळी ठेवली. लालखुणेची मोहीम झाली, म्हणजे जी वस्तू महिनाभर कोणी वापरली नाही तिला लाल कागद चिकटवायचा आणि नंतर ती बाहेर काढायची. त्यात दोन टेम्पो भंगार निघालं. त्या भंगारात आमचा तिसरा लेडल होता. दोन लेडलवर काम भागत होतं, तिसरा बहुतेक वेळा कोपऱ्यात. मीच त्याला लाल कागद लावला.

मग मी वाट बघण्याच्या मागे लागलो. लीनमध्ये वाया जाणाऱ्या गोष्टींच्या यादीत 'थांबून राहणं' हे ठळकपणे असतं. मी स्टॉपवॉच घेऊन भट्टीपाशी उभा राहिलो. सर्वांत जास्त वेळ कुठे थांबतो? लेडल वाळवण्यात. लेडलला आतून फायरक्लेचं अस्तर असतं. ते झिजलं की पॅच मारायचा, आणि पॅच मारला की तो हळूहळू तापवून पार कोरडा करायचा. वडिलांच्या काळापासून संध्याकाळी पॅच मारून रात्रभर आत लाकडाची धग ठेवायची आणि सकाळी बर्नरवर लाल करायचा, अशी पद्धत होती. मी ठरवलं की चोचीजवळचे छोटे पॅच दिवसाच मारायचे आणि सरळ जोरात बर्नर लावायचा. चाळीस मिनिटांत लेडल परत कामाला. दिवसाला एक हीट, म्हणजे भट्टीभर रस वितळवायची एक फेरी, वाढली. बोर्डावर मी तो आकडा हिरव्या खडूने लिहिला होता.

जुलै महिना होता. कोल्हापूरचा पाऊस, चार दिवस ऊन नाही, वाळूपासून भिंतीपर्यंत सगळं दमट. दुपारी पॅच मारलेला लेडल बर्नरवरून उतरवला, तेव्हा आमचे भट्टीवाले तात्या आत डोकावून म्हणाले, "मालक, ह्यो अजून ओला हाय. वरनं लाल दिसतोय, आतनं न्हाई." ग्राहकाची गाडी फाटकात उभी होती. मी म्हणालो, "चाळीस मिनिटं झालीत तात्या, घ्या."

रस लेडलमध्ये पडला आणि उकळ्या फुटल्या. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. अस्तराच्या आड अडकलेल्या घोटभर पाण्याला तिथे जागा नव्हती. चौदाशे अंशांच्या वरचा रस उडाला. लेडल धरणाऱ्या आमच्या माणसाच्या हातावर आणि बुटाच्या वरच्या कडेतून पायावर पडला. बाकीचे मागे सरकले म्हणून वाचले. तो दीड महिना दवाखान्यात होता. त्याच्या बायकोसमोर बसून जे बोलायला लागलं ते इथे लिहीत नाही.

आठवड्यानंतर आम्ही, लीनमध्ये मूळ कारण शोधायला विचारतात तसं, 'पाच वेळा का' विचारायला बसलो. पहिलं उत्तर कागदावर आलं होतं, 'कामगाराने एप्रन नीट बांधला नव्हता'. ते मी खोडलं. लेडल ओला का होता? वाळायला वेळ दिला नाही म्हणून. वेळ का नाही दिला? तोच लेडल लगेच लागणार होता म्हणून. लगेच का? कारण दुसरा चालू होता आणि तिसरा नव्हता. तिसरा का नव्हता? इथे सगळे माझ्याकडे बघत होते. आणि तात्यांनी सांगितलं तरी काम का थांबलं नाही? कारण थांबवायचा हक्क फक्त मला होता.

मी लीन सोडून द्यावं असं घरच्यांनाही वाटत होतं. मी उलट ते पुन्हा मुळापासून वाचलं आणि माझी चूक कुठे झाली ते सापडलं. टोयोटाची गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही, मागापासून होते. साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. धागा तुटला की माग थांबला पाहिजे, हे आमच्या शेजारच्या इचलकरंजीत पोरालाही सांगावं लागत नाही. टोयोटाने त्या थांबण्याला पद्धतीचा खांब मानलं. मी मात्र यादीतला 'वाट बघणं' हा एकच शब्द उचलला होता. लेडल वाळायला लागणारा वेळ हा त्या लेडलच्या कामाचाच भाग आहे. भट्टीच्या, रसायनाच्या किंवा दाबाच्या भांड्याच्या धंद्यात 'हे रिकामं पडलंय' असं दिसणारं बरंच काही खरं तर राखणीला बसलेलं असतं.

मग आम्ही तीन लेडल केले. नंतर चौथाही. प्रत्येकावर नंबर, आणि शेजारच्या पाटीवर पॅच कधी मारला, धग कधी लावली, कोणी बघितलं ते खडूने लिहायचं. पॅच मारलेला लेडल त्या दिवशी रसाखाली जात नाही, मग फाटकात कोणाचीही गाडी असो. पावसाळ्यात वेळ आणखी वाढवतो.

भट्टीजवळ एक दोरी बांधली, वर शाळेची असते तशी पितळी घंटा. कोणीही ओढली तर ओतकाम थांबणार. दोन महिने ती कोणी ओढली नाही. माणसं लाजत होती, घाबरत होती. पहिल्यांदा ओढली ती कोअर शॉपमधल्या मावशींनी. कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखायला साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. कोअर घेऊन मोल्डिंगकडे येताना त्यांना पत्र्याच्या सांध्यातून ओतायच्या जागेवर थेंब पडताना दिसले. रस भट्टीत तयार होता. वीस मिनिटं तो तसाच धरून ठेवला, वर ताडपत्री लावली, खालची ओली वाळू काढून कोरडी टाकली. विजेचं बिल वाढलं, दोन मोल्ड दुसऱ्या दिवशीवर गेले. मी सगळ्यांसमोर मावशींचे हात धरून आभार मानले आणि त्या शिफ्टचा तुटीचा आकडा कोणाच्याही नावावर लावला नाही. त्या आठवड्यात घंटा आणखी तीनदा वाजली.

भंगाराच्या बाबतीत तर पुस्तकाच्या सरळ उलटं केलं. माल जितक्या कमी वेळा हाताळाल तितकं चांगलं, असं लीन सांगतं. आम्ही एक हाताळणी मुद्दाम वाढवली. आलेलं भंगार थेट भट्टीत न टाकता आधी लोखंडी टेबलावर पसरतो. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, जुना शॉक ॲब्सॉर्बर, आत पाणी साचलेली दाबलेली गाठोडी, असलं काही भट्टीत गेलं तर स्फोटच. पहिल्याच महिन्यात टेबलावर बादलीभर अशा वस्तू निघाल्या. त्या बादलीचा फोटो पुरवठादाराला दाखवला आणि निवडून आणलेल्या भंगाराला किलोमागे थोडा जास्त दर कबूल केला. आता बादली बहुतेक रिकामी असते, तरी टेबल काढलेलं नाही.

भट्टीच्या अस्तराचंही तसंच. पूर्वी अस्तर अजून चालतंय म्हणून दोन हीट आणखी ओढायचो. अस्तर पातळ होऊन रस भट्टीभोवतीच्या, आतून पाणी फिरणाऱ्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचला आणि कॉइलमधलं पाणी रसाला भेटलं तर स्फोट होतो, ते फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. आता ठरलेल्या हीट झाल्या की भट्टी बंद, अस्तर चांगलं दिसत असलं तरी. रस अस्तरातून कॉइलकडे निघाल्याची खूण देणारा ग्राउंड लीकेजचा दिवा लागला की चर्चा नाही, भट्टी बंद. वीज गेल्यावर कॉइल थंड ठेवणारी वरची टाकी आणि डिझेलचा पंप दर आठवड्याला प्रत्यक्ष चालवून बघतो.

एक वही आहे, तिचं नाव 'थोडक्यात वाचलो'. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढतो किंवा सुपरवायझरला सांगतो. सकाळी दहा मिनिटं उभ्याने ती वाचली जाते. एकदा कोणीतरी फक्त एक बूट आणि त्यात पडणारे ठिपके काढले होते. त्यावरून आम्ही पँट बुटात खोचायची पद्धत बंद करून बुटावरून येणारे गेटर आणले. ज्याचा पाय भाजला होता त्यानेच ते चित्र काढलं होतं. तो आता आमच्याकडे लेडलची पाटी सांभाळतो. ही जागा मी दिलेली नाही, त्याने मागून घेतली.

धंद्याचं म्हणाल तर दिवसाच्या हीट आधी घटल्या आणि वर्षभरात परत त्याच ठिकाणी आल्या. कोरडा लेडल, कोरडं भंगार आणि कोरडी वाळू यांमुळे कास्टिंगमध्ये वायूची भोकंही कमी पडतात, त्यामुळे रिजेक्शन उतरलं. पुण्याच्या ग्राहकाचे इन्स्पेक्टर आले की आधी घंटेची दोरी दाखवायला नेतो. एकाने विचारलं, मागच्या महिन्यात किती वेळा वाजली? अकरा, मी सांगितलं. तो म्हणाला, कमी व्हायला हवी ना? मी म्हणालो, एखाद्या महिन्यात शून्य आली तर मला रात्री झोप लागणार नाही.

सगळं जमलंय असं नाही. फेटलिंगची, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करतानाची, धूळ अजून माझ्या मनाला लागून आहे. ग्राइंडिंग करताना कास्टिंगला चिकटलेल्या वाळूतली सिलिका बारीक होऊन उडते आणि ती छातीत बसली की निघत नाही. रस उडाला तर सगळ्यांना दिसतो, ही धूळ वीस वर्षांनी दिसते, आणि घंटा ओढायला इथे कोणाला काही जाणवतच नाही. दोन टेबलांना खालून हवा ओढणारे डक्ट बसवले आहेत, चार बाकी आहेत. शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून वाळू झाडणं) आधी आणि ग्राइंडिंग नंतर असा क्रम बदलल्याने थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. छातीचे एक्स-रे दरवर्षी काढतो.

आणि स्क्रॅप यार्डाचा अर्धा भाग अजून उघडा आहे. पत्र्याची ऑर्डर गेली आहे, फॅब्रिकेशनवाला मेअखेर म्हणतोय. तात्या रोज सकाळी येऊन विचारतात, "पत्रं आलं का?"