हरिहरेश्वर ते हेदवी: खडपात गरवताना पाय कुठे ठेवायचा

खडपात, म्हणजे समुद्राकाठच्या कातळावर, गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचा दिवस तिथीवरून ठरतो, रजा मागाहून टाकायची. या फेरीसाठी मार्गशीर्षातली वद्य सप्तमी ते नवमी धरली होती. ठोकताळा जुनाच आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी भर दुपारी, लख्ख उजेडात. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि सुकती सकाळ-संध्याकाळी सहाला, म्हणजे एकदा अंधारातून उतरायचं नाहीतर अंधारात परत चढायचं. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवा, पण घड्याळ लावायचं ते त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार मागे जात नाही आणि फार वेगाने पुढेही येत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची ओहोटी मोहात पाडते, कारण एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. पण वर्षातले बहुतेक दिवस पाण्याखाली असणारे तेच खडक सगळ्यात बुळबुळीत असतात, आणि पाणी परततं तेव्हा आधी तेच बुडतात. नवख्याने भांगाचेच दिवस धरावेत.

वाट अशी: पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत घालून सावित्रीच्या खाडीपलीकडे वेशवी, मग मंडणगड-दापोली करत दाभोळ. दाभोळहून दुसऱ्या फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. दोन्ही फेऱ्यांच्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटची बोट गाठायची म्हणून ओहोटी संपायच्या आत घाईघाईने ओल्या कातळावरून पळत निघणं, हेसुद्धा घसरण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

हरिहरेश्वर, सप्तमी, ओहोटी साडेअकराच्या सुमारास

देवळामागच्या पायऱ्या चढून टेकडीच्या खिंडीतून खाली उतरलं की प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागते. डावी-उजवीकडे लाटांनी कापून काढलेला बसाल्टचा सपाट ओटा, आणि पाठीशी कडा. कड्यावर लाटांनी आणि खाऱ्या तुषारांनी मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. ती बघताना पाठ समुद्राकडे होते, आणि इथला खरा धोका तोच आहे. पाणी चढलं की ओट्यावरून बाहेर पडायच्या दोन्ही बाजू आधी बंद होतात आणि मधला भाग शेवटी बुडतो. मधे उभ्या असलेल्याला वाटतं, अजून पायाखाली कोरडं आहे. भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नका असं गावातले लोक पुन्हापुन्हा सांगतात ते यासाठी. भाविकांच्या वाटेवर गळही टाकू नका. मागे फिरवलेली काठी आणि अनवाणी चालणारी माणसं एकत्र नकोत. वाट सोडून बाजूचा, चढायला सरळ उतार असलेला कातळ निवडायचा.

कातळ निवडायचा म्हणजे त्याचे पट्टे वाचायचे. वरून खाली या. सगळ्यात वर राखाडी, कोरडा, मिठाची पांढरी पूड साचलेला भाग. त्याखाली काळा पट्टा. हा डांबर फासल्यासारखा दिसतो आणि अनेकांना तो खडकाचाच रंग वाटतो. तो सूक्ष्म शेवाळाचा थर आहे. वाळलेला असला तर बूट धरतो, पण एक तुषार उडाला की साबण. हात लावून पाहा: कोरडा असताना खरखरीत लागतो, दोन थेंब पाणी टाकून बोट फिरवलं की बोट सरकतं. त्याच्याखाली बार्नॅकल आणि कालवांचा पांढरट पट्टा. इथे बुटाला पकड उत्तम मिळते, पण पडलात तर तळहात, गुडघे सोलून निघतात. त्याहून खाली हिरवं, चमकणारं शेवाळ. तिथे उभं राहायचं नाही, मासा कितीही मोठा लागो.

आता उभं कुठे राहायचं? जिथे कातळ ओला आहे तिथे लाट पोचते. सूर्य तापलेला असताना, ओहोटी लागून तास उलटून गेल्यावरही एखादा उंच कातळ ओला दिसला, तर तो खालच्या लाटेने भिजलेला नाही, मधूनच येणाऱ्या मोठ्या लाटेने भिजलेला आहे. खडकाच्या खळग्यातलं पाणीही बघा. ताजं, हलणारं, फेस असलेलं पाणी म्हणजे लाट नुकतीच येऊन गेली. कोमट पाणी आणि कडेला मिठाची रेघ म्हणजे ती जागा बराच वेळ कोरडी आहे.

हे बघायला अर्धा तास द्यावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासात काठी जोडायचीच नाही. लाटा टोळीने येतात. दहा-पंधरा मिनिटं शांत जातात आणि मग तीन-चार मोठ्या लाटा एकामागोमाग येतात. पाच मिनिटं बघून उतरणारा माणूस फक्त शांत वेळ बघून उतरलेला असतो. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज फोनवर मिळतो, तो जरूर बघा. पण त्यातला आकडा समजून घ्या. लाटांची उंची दीड मीटर लिहिली असेल तर तो वरच्या एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. एखादी लाट त्याच्या दुपटीची, तीन मीटरची येऊ शकते. उंचीशेजारी सेकंदांचा आकडा, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, असतो तो अधिक महत्त्वाचा. पाच-सहा सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची, कातळावर आपटून फुटते. बारा-पंधरा सेकंदांची लाट लांबून आलेली असते. ती फुटत नाही, नुसतं पाणी फुगवत वर चढत राहते, आणि कातळावर कितीतरी आत येते. अशा वेळी वारा पडलेला, समुद्र तेलासारखा शांत दिसतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये इराणच्या आखातातल्या शमाल नावाच्या वाऱ्यांनी उठवलेली लाट वायव्येकडून येते. एप्रिल-मेमध्ये थेट दक्षिण हिंदी महासागरातून निघालेली येते. उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी खडपात जाऊ नका. खाडीत, धक्क्यावर गरवा.

दिवसातली उत्तम वेळ सकाळची. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बसलेलं असतं. दुपारनंतर खारा वारा उठला की लाटांची टोकं पांढरी होतात. पांढरी टोकं दिसली की आवरायला घ्या.

पाणी परत कसं येतं याचं गणित तोंडपाठ असावं. ओहोटी ते भरती साधारण सहा तास. एकूण चढ तीन मीटरचा धरा. पहिल्या तासात पाव मीटर, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात पाऊण, चौथ्यातही पाऊण, पाचव्यात अर्धा, सहाव्यात पाव. म्हणजे पहिल्या तासात काही विशेष घडतच नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि सुकतीनंतर सव्वा तासाने, मासे लागत असले तरी, गळ गुंडाळायचा. सप्तमीला साडेनऊला उतरून पाऊण वाजता वर, असा हिशोब बसतो.

खाली जायची दोन पावलं

खडपातले अपघात गळ फेकताना कमी होतात. ते होतात खडकात अडकलेला गळ सोडवायला किंवा लागलेला मासा उचलायला माणूस दोन पावलं खाली जातो तेव्हा. नजर तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, एक हात काठीवर, पाय हिरव्या पट्ट्यात. म्हणून सगळी साधनं अशी जुळवायची की ती दोन पावलं टाकावीच लागू नयेत.

काठी दहा ते बारा फुटांची हवी, म्हणजे मागच्या कोरड्या कातळावरून तंगूस पुढच्या कडेला न घासता पाण्यात जातो. मुख्य तंगूस 0.40 मिलिमीटरचा. शिसं मात्र त्याला सरळ बांधू नका. 0.25 मिलिमीटरच्या वेगळ्या, कमकुवत तुकड्याने, वीतभर लांब, लोंबतं बांधा. खडकात बहुतेक वेळा शिसंच अडकतं. जोर लावला की तो तुकडा तुटतो आणि गळ, मासा दोन्ही परत येतात. चाळीस-साठ ग्रॅमच्या शिशाऐवजी जुने नट किंवा गाडीचे निकामी स्पार्क प्लग वापरले की तुटल्याची हळहळ वाटत नाही, आणि ती हळहळ नसली की माणूस खाली उतरत नाही.

तरीही अडकलंच तर तंगूस हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. हातभर लाकडाच्या तुकड्याला चार वेढे द्या, तोंड दुसरीकडे वळवा आणि काठी सरळ ठेवून मागे चालत जा. शिसं सुटून आलं तर गोळीसारखं येतं, म्हणून मागे कुणी उभं नको आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

मासा वर घ्यायला तीन-साडेतीन मीटर दांड्याचं हातजाळं किंवा दोरीने खाली सोडायचं गोल जाळं न्या. मोठी तांबोशी किंवा गोबरा लागला तर लाट चढते तेव्हा मासा तिच्यावर घेऊन कातळावर बसवायचा आणि पाणी उतरेपर्यंत तंगूस ताणून धरायचा. पाणी उतरताना ओढाल तर माशाचं वजन आणि परतणारं पाणी मिळून तंगूस तोडतात. शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना हात लावू नका, पक्कडच वापरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, आणि डॉक्टरकडे जायचं.

पायात रबरी चप्पल आणि सपाट तळव्याचे बूट नकोत. शेवाळावर नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, तळवा पकड धरतो, गुळगुळीत बसाल्टवर लोखंडी खिळ्यांचा. दोन्ही असलेले बूट मिळतात, तेच घ्यावेत. गमबुटात पाणी भरलं की पाय उचलवत नाही. अंगात फोमचं लाइफ जॅकेट, किमान 50 न्यूटन तरंगशक्तीचं, नीट पोहता येत नसेल तर 100 चं, आणि पायांमधून जाणारा पट्टा आवळलेला. हवेवर फुगणारं जॅकेट कालवांच्या धारेवर फाटू शकतं. फोमचं जॅकेट कातळावर आपटताना बरगड्याही वाचवतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 2016 सालच्या कायद्याने ठरवून दिलेल्या किनाऱ्यांवर खडकावरून गरवणाऱ्यांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्ती नाही, पण समुद्र तोच आहे. स्वतःला दोरीने खडकाला बांधून घेऊ नका. लाट ओढून नेते तेव्हा त्याच दोरीवर माणूस खडकावर आपटत राहतो.

पडलाच कुणी तर

आधी काठी सोडायची. मग खडकापासून दूर, समुद्राकडे पोहायचं. मनाला पटत नाही, पण जीव घेणारी जागा लाट फुटते ती कड आहे. दहा-पंधरा मीटर बाहेर पाणी नुसतं वरखाली होतं. तिथे उताणं होऊन तरंगायचं, पाय खडकाच्या दिशेला ठेवून शिट्टी वाजवायची आणि जवळच्या पुळणीकडे, वाळूच्या किनाऱ्याकडे, हळूहळू सरकायचं.

वरच्यांनी उडी मारायची नाही. वीस मीटर तरंगती दोरी आणि पाच लिटरचा, झाकण घट्ट लावलेला, तळाशी ग्लासभर पाणी ठेवलेला डबा. त्या पाण्याच्या वजनाने डबा लांब फेकता येतो आणि तरंगतोही. एकाने बोट त्या माणसाकडे रोखून धरायचं आणि नजर क्षणभरही हलवायची नाही, दुसऱ्याने फोन करायचा. 112, तटरक्षक दलाचा 1554, रुग्णवाहिकेसाठी 108. म्हणून तिघांशिवाय जाऊ नये. कड्याखाली नेटवर्क मिळेलच असं नाही. कुठे मिळतं ते उतरतानाच बघून ठेवा, आणि कुठे बसणार, किती वाजता परतणार हे मुक्कामाच्या घराच्या मालकाला सांगून निघा.

हेदवी, नवमी, ओहोटी एकच्या सुमारास

उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. कातळात समुद्राने कापलेली अरुंद, लांब चीर. भरतीला लाट त्यात शिरते, जागा आक्रसत जाते, आणि कोंडलेलं पाणी फवाऱ्यासारखं उंच उडतं. एक ब्राह्मण यात पडला म्हणून हे नाव, असं गावात सांगतात. तो फवारा बघायला लोक कडेला येतात आणि त्याच तुषारांनी ती कड कायम ओली राहते. घळीच्या दोन्ही काठांवर काळा पट्टा सलग आहे. पाणी परत जाताना जी ओढ लागते तिच्यात पोहणं निरुपयोगी आहे, कारण भिंती उभ्या आहेत आणि धरायला काही नाही. घळीत आणि तिच्या तोंडाशी गळ टाकू नका. तिथे मासे जमतात हे खरं असलं तरीही.

बाजूच्या कातळावर, घळीपासून बरंच अंतर राखून, पुळणीकडे उतरता येईल अशी जागा चांगली. अकराला उतरायचं, सव्वादोनला आवरायचं. वर येताना शेवटच्या माणसाने कातळावरून एकदा फिरून तंगुसाचे तुटके तुकडे उचलून घ्यावेत. पाण्यात ते दिसत नाहीत, शेवाळासारखे कातळाला चिकटतात, आणि पुढच्याचा बूट नेमका त्यांच्यातच अडकतो.