एक लाख अठरा हजारांचं बिल

पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकान टाकून चौदा वर्षं झाली. जुने पीसी घ्यायचे, साफ करायचे, विकायचे हे रोजचंच, पण २०२५ च्या डिसेंबरातला एक व्यवहार अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

एक काका रिक्षातून पीसीचं कॅबिनेट घेऊन आले, चादरीत गुंडाळलेलं. एसटीतून रिटायर झालेले. पोरगा बेंगळुरूला नोकरीला, त्यानं फोनवर सांगितलेलं की बाबा विकून टाका, येतील ते येतील. काकांच्या हातात मार्च २०१७ चं बिल, लॅमिनेट करून जपलेलं, जीएसटीच्या आधीचं म्हणून व्हॅट लावलेलं, टोटल १,१८,४००. पतपेढीचं कर्ज काढून पोराला घेऊन दिलेला. म्हणाले, "निम्मे तरी यावेत. ॲक्टिव्हाचे येतात की."

आता हे कसं समजावायचं. जुन्या पीसीचा भाव बिलावरून निघत नाही, आज तेवढंच काम करणारं नवीन कितीला पडतं त्यावरून निघतो. ह्या मशीनमध्ये इंटेलचा आय सेव्हन ७७००के, त्या काळी घरगुती पीसीतला टॉपचा प्रोसेसर, चार कोअर आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं ओढणारा. तेव्हा नवीन आय थ्री १२१००एफ, तोही चार कोअर आठ थ्रेड, सात-आठ हजारांत यायचा आणि ह्याच्यापेक्षा जोरात पळतो. काकांना म्हणलं, आधी दोन दिवस मशीन ठेवा, भाव नंतर बोलू.

उघडलं तर आत आठ वर्षांची धूळ. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो हवेनं गरागरा फिरतो आणि बेअरिंग जातं. हे साधं काम पण निम्मी गल्ली करत नाही, मला ह्याचा खरंच राग येतो. सीमॉसचा सेल, म्हणजे पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा, मेलेला, तारीख २०१७ वर गेलेली. प्रोसेसर लोडवर ९६ डिग्री! ह्या चिपच्या झाकणाखाली उष्णता बाहेर न्यायला सोल्डर नाही, पेस्टच आहे, त्यामुळं ती मुळातच तापट, पण वरची पेस्ट पार खडू झाली होती. कूलर धुतला, पेस्ट बदलली, ७८ वर आला. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०७०, आठ जीबी. अर्धा तास टेस्ट चालवली, स्क्रीनवर एक ठिपका नाही की रेघ नाही. मायनिंगला, म्हणजे रात्रंदिवस पळवून क्रिप्टो कमवायला वापरलेलं कार्ड मी बघून ओळखतो, फॅन डुगडुगतात, थर्मल पॅडचं तेल बाहेर आलेलं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर असली कार्डं पोत्यानं आली होती बाजारात. हे कार्ड तसलं नव्हतं, एका पोरानं जपून वापरलेलं होतं.

मग रॅम, म्हणजे पीसीची मेमरी. आठच्या चार स्टिका, ३२ जीबी डीडीआर४. आणि इथंच सगळं फिरलं, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला सुरुवात केल्यापासून त्या वर्षअखेरीला रॅमचे भाव असे चढले होते की सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी चालत नव्हतं. काकांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. पूर्ण पीसी २८ हजाराला मागितला असता तर त्यांनी कुरकुर करत दिला असता, आणि दोन स्टिका काढून मी गप बसलो असतो तर त्यांना कधी कळलंही नसतं. गल्लीत असंच करतात, तोंडावर सांगतो. मी काकांना सांगितलं की गेमिंगला १६ पुरतात, दोन स्टिका काढून ठेवू, त्या वेगळ्या विकू, पीसी १६ वर २७ ला लावू, माझं कमिशन दीड हजार. काका खूश झाले नाहीत, पण हो म्हणाले.

शनिवारी हडपसरचा एक पोरगा आला, बारावीतला, सोबत आई. काकाही योगायोगानं दुकानातच बसलेले. पोरगा एकदम हरखलेला. मी माझ्या सवयीनं सगळं सांगितलं, विंडोज ११ ह्या प्रोसेसरला अधिकृत चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं ह्या पिढीच्या कार्डांचे गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबरपासून बंद केलेत, फक्त सिक्युरिटी अपडेट २०२८ पर्यंत येतील, आणि पॉवर सप्लाय आठ वर्षांचा आहे तर तो आधी बदल, गेला तर मदरबोर्ड घेऊन जाईल. त्या माउलीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग बावीस."

तेवीसला ठरलं.

ते दोघं गेल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्या बाजूनं होता का त्यांच्या?" चढ्या आवाजात नाही, अगदी साधं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. कमिशन त्यांच्याकडून घेतलं होतं मी, वस्तू त्यांची होती, आणि चार हजार माझ्या बोलण्यानं गेले हे खरंच आहे. चार हजार म्हणजे रिटायर माणसाला थोडे नाहीत. पण न सांगता दिला असता आणि सहा महिन्यांनी त्या पोराचा बोर्ड जळाला असता तर त्याची आई माझ्याच दारात आली असती, आणि ते जाऊ दे, तो पोरगा ज्या नजरेनं मशीनकडं बघत होता ते बघून माझ्याच्यानं लपवणं झालं नसतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र बसत नाही. दलालानं मालकाचंच बघायचं असतं असं शेजारचा दुकानदार म्हणतो. तो म्हणतो म्हणून मी करणार नाही, पण तो पूर्ण चुकीचा आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मालकाला हे सगळं भाव लावायच्या आधीच बसवून सांगायला पाहिजे होतं एवढं मात्र कळलं. आता तसंच करतो, दोष कागदावर लिहून मालकाची सही घेतो, मगच गिऱ्हाईक बोलावतो.

बिल काकांनी त्या पोराला दिलं नाही, घरी नेलं. दोन स्टिका मात्र माझ्या ड्रॉवरमध्येच ठेवून गेले, पावती पण मागितली नाही. दर रविवारी फोन येतो, "आज काय भाव?" मी सांगतो. ते म्हणतात, "तुम्ही म्हणाल तेव्हा विकू."