ओवीसोबत नाशिकची मैदानं

या वेळी काळाराम, पांडवलेणी असं काहीच ठरवलं नव्हतं. साडेतीन वर्षांच्या ओवीला मनसोक्त खेळू द्यायचं, एवढाच बेत. रात्री पंचवटी एक्सप्रेसनं नाशिकरोडला उतरलो, मुक्काम कॉलेज रोडला मावशींकडे.

फेब्रुवारीअखेर नाशिकमध्ये सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता ऊन चटके देतं. आमचं आवरून निघेपर्यंत अकरा वाजलेच. जवळच्या एका उद्यानात शिरताच ओवी हात सोडवून पळाली, भराभर शिडी चढली, घसरगुंडीवर बसली आणि किंचाळली. पत्र्याचा नुसता तवा झाला होता. फ्रॉकखाली मांड्या लालबुंद. बाकावरच्या एका आजींनी बाटलीतलं पाणी माझ्या ओढणीच्या टोकावर ओतलं. "हे ठेव गं तिच्या पायावर. रडू नको बाळा, आत्ता गार वाटेल." फोड आला नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

त्या उद्यानात झाडं भरपूर आहेत. सगळी पायवाटेच्या कडेला, मोठ्यांच्या बाकांवर सावली धरून. मुलांच्या खेळण्यांवर ना झाड, ना छप्पर. हे मला अजून सलतंय. तुम्ही मूल घेऊन गेलात तर आधी पंजाची मागची बाजू घसरगुंडीला लावून बघा. प्लॅस्टिकचीही तापते.

संध्याकाळी त्र्यंबक नाक्याजवळच्या मैदानावर गेलो. रिक्षावाल्यांना गोल्फ क्लब म्हटलं की पुरतं. नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली इथल्याच विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे कान्हेरे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, तेव्हा वय विशीच्याही आत. ओवीला इतकंच सांगितलं, की एका शूर दादाचं नाव आहे. "तो दादा इथे खेळायचा?" मला उत्तर सुचेना. मी तिला जवळ घेतलं.

रणजीचे सामने झालेलं हे मैदान. मुलांचं क्रिकेट रंगात आलं होतं, कडेनं चालणाऱ्यांची वर्दळ. ओवीनं खाली वाकून हाताची मागची बाजू मातीला लावली.

"गार आहे, आई."

मग फतकल मारून बसली. एक काडी आणि मूठभर खडे, त्यावर दीड तास. अंधार पडला, गारवा सुटला, मी स्वेटर चढवला तरी उठेना.


घरी मावशींनी दारातच तिचे बूट उलटे केले. केवढी माती! ओवीनं ती गोळा करून तुळशीच्या कुंडीत टाकली.